तोलेदोतला जोगवा

आई गेल्यानंतर देवघरासमोर बसले तरी माझ्या मनात काही उमटत नसे. मी बेंबळीची. धाराशिवच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवण्यात माझी वर्षं गेली. देवीवरची श्रद्धा आईची होती, माझ्याकडे ती तिच्या सहवासानं आलेली. आता तीच नाही म्हटल्यावर समोर कोण आहे, हा प्रश्न मला छळायचा. आई दर मंगळवारी तुळजाभवानीच्या नावानं परडी, म्हणजे वेताची लहानशी टोपली घेऊन पाच घरी जोगवा मागायची. घरात काही कमी नव्हतं. देवीपुढे आपण मागणारेच आहोत हे विसरू नये, एवढ्यासाठी ते मागणं. आजारपणात तिनं परडी माझ्या हाती दिली आणि म्हणाली, "लाजायचं न्हाय बाई. देणारी कोण हाय ते बघायचं न्हाय, निस्तं मागायचं." मी हो म्हटलं. पण गावात मी भावकीतल्या घरीच जायचे. तिथं मी यायच्या आधीच पिठाची वाटी भरून ठेवलेली असे, त्यामुळे मागायची वेळ कधी आलीच नाही.

स्पेनमध्ये राहणाऱ्या धाकट्या बहिणीनं मला माद्रिदला बोलावून घेतलं. परडी मी कपड्यांत गुंडाळून नेली. मंगळवारी माद्रिदजवळच्या तोलेदोला जायचं ठरलं होतं. गाडीत मी जोगव्याचा विषय काढला तेव्हा ती हसली. "अक्का, इथं दारोदार फिरलीस तर तुला सोडवायला मला पोलीस ठाण्यात यावं लागंल. गावाकडं वहिनीला व्हिडिओ कॉल लाव, तिच्याकडं माग." मीही हसले, पण मनातून खचले. हा मंगळवार चुकला की पुढचा चुकवणं सोपं जाईल आणि आईचं माझ्याकडे उरलेलं ते एक काम हळूच सुटेल, हे मला कळत होतं.

नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं ते गाव पुस्तकातून माझ्या ओळखीचं होतं. एकमेकांना खेटून उभी चर्चं, जुनी मशीद, ज्यूंचं प्रार्थनाघर. एरवी मी प्रत्येक कमानीपाशी थांबले असते. त्या दिवशी मला फक्त दारं दिसत होती, खिळे ठोकलेली, जड, बंद. दोनदा परडीसाठी पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

दुपारी बहीण बदामाची मिठाई घ्यायला एका ख्रिस्ती मठात शिरली. तिथल्या संन्यासिनी बाहेरच्या कुणासमोर येत नाहीत. भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट आहे. घंटी वाजवून आत आवाज द्यायचा, पैसे ठेवायचे, कपाट फिरतं आणि मिठाई बाहेर येते. देणारीचा चेहरा दिसत नाही. मी ते पाहत राहिले. मग कसं झालं ते मला सांगता येणार नाही. परडी काढून मी त्या रिकाम्या फळीवर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "आई अंबाबाईचा जोगवा वाढा, माय."

बहीण गोरीमोरी झाली. आतून एका म्हाताऱ्या आवाजानं काहीतरी विचारलं. बहिणीनं स्पॅनिशमध्ये अडखळत सांगितलं की आमची आई हे मागायची, ती गेली, आता ही मागते. परडी आत गेली. बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा तिच्यात मूठभर पीठ होतं आणि वर चिमूटभर मीठ. आमच्याकडे जोगव्यात पीठमीठच वाढतात. बहीण म्हणाली, "काय द्यायचं ते मी सांगितलंच नाही, अक्का." आतला आवाज पुन्हा बोलला. बहिणीनं ते मला मराठीत सांगितलं. "त्या म्हणतायत, आमचंबी घर मागूनच चालतं. आमच्यासाठीपण माग म्हणावं."

उरलेल्या चार दारी मी मागितलं. कुणी पाव दिला, कुणी फळ. एका म्हाताऱ्यानं मान हलवून दार लावून घेतलं, त्या दारालाही मी हात जोडले. आधी चार पावलं मागं चालणारी बहीण शेवटच्या दाराशी माझ्या शेजारी उभी होती.

मठात रोज पाव भाजत असतील, हाताशी होतं ते दिलं असेल. मी त्याच्या खोलात जात नाही. समोर कोण आहे हे शोधत मी किती दिवस बसले होते. हात पसरला त्या क्षणी ते शोधायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी बहिणीच्या घरी त्या पिठाच्या दोन लहान पोळ्या केल्या, देवीचं नाव घेऊन नैवेद्य दाखवला. मी ताट मांडायला लागले तर बहीण जमिनीवर माझ्यासमोर येऊन बसली. ताट तिनं बाजूला सारलं आणि दोन्ही हात पुढं केले. "मला वाढ, अक्का," म्हणाली.