‘मला’ आणि ‘मले’

रायपूरच्या पोलिस नोकरीतली एक गुमशुदगी, म्हणजे मुलगी हरवल्याची एक तक्रार, अजून माझ्या मनातून गेलेली नाही. शहर छत्तीसगडची नवी राजधानी होऊन काही वर्षं झाली होती. गल्लोगल्ली छत्तीसगढी गाण्यांचे छोटे स्टुडिओ निघत होते.

तात्यापारा मोहल्ल्यातला एक मराठी कारकून सकाळी ठाण्यात आला. "साहेब, पोट्टी कालपासून घरी नाही," एवढं म्हणून तो खुर्चीत बसला. मुलगी तेवीस वर्षांची. लग्न ठरलेलं. मुलाकडच्यांनी तिचं गाणं बंद करा म्हटलं आणि बापानं होकार दिला. मोहल्ल्यात एव्हाना कुजबुज होती, की कोणीतरी पळवली. बाप काहीही करून बसेल, अशी त्याची अवस्था होती.

दुपारी आमच्या खबऱ्याकडून बातमी आली. रायपूरलगतच्या बीरगांवच्या एका स्टुडिओत ती महिनाभर जात होती. मी एक महिला शिपाई सोबत घेऊन तिथं पोचलो. स्टुडिओवाला पस्तिशीचा, चष्मेवाला, मूळचा बीरगांवचाच. मी मुलीचा फोटो दाखवला.

"आई थी साहब, एक गाना किया था। महीना हो गया। उसके बाद न वो आई, न मैंने गाना खोला।"

उत्तर फार चटकन आलं. चौकशीत अशा उत्तराजवळ थोडं थांबायचं असतं. मी म्हणालो, "खोल के दिखाओ।"

त्यानं कॉम्प्युटरवर गाणं उघडलं. पडद्यावर सुरांच्या रंगीत पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीखाली गाण्याचा शब्द टाईप केलेला. मुलीचा आवाज लागला. गाणं मराठी होतं, आईला उद्देशून. 'सांज झाली, मला घरी ने, माय.' पण पडद्यावर त्याच जागी लिहिलं होतं, 'मले घरी ने'. मी बाजूला पाहिलं, तर गाणं त्याच दिवशी सकाळी सेव्ह झालेलं.

"ये किसने बदला?"

"मैंने साहब। गलती थी, सुधार दिया।"

"मले मतलब क्या?"

तो पडद्यावरचा शब्द पुन्हा वाचू लागला. माझं घर वऱ्हाडातलं. 'मले' ही चूक नव्हे, घरातली बोली आहे, हे मला ठाऊक होतं. ज्याला अर्थ माहीत नाही तो 'मला' खोडून 'मले' लिहील कशाला? मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. "लड़की आज सुबह यहाँ थी। ठीक है न? बस इतना बता दो," म्हणालो.

"हव साहब," तो हळूच म्हणाला. "पीछे मेरी दीदी के घर में है। मैंने नहीं भगाया। बोली, शादी से पहले गाना पूरा करना है, माँ के ही शब्दों में।"

मुलगी स्वतःच चालत आली. महिला शिपायासमोर तिनं जबाब दिला, की मी माझ्या मर्जीनं आले, कोणासोबत पळाले नाही. सज्ञान मुलगी, गुन्हा काही उरला नव्हता. भीती होती ती बापाची. त्याला स्टुडिओत बोलावलं आणि मी मुद्दाम दोघांच्या मध्ये उभा राहिलो.

"काहून केलं असं?" त्यानं विचारलं.

"पापा, आप सुनते कहाँ हो?" मुलगी म्हणाली. "ये गाना मम्मी रसोई में गाती है। किसी ने आज तक सुना है?"

मी स्टुडिओवाल्याला खूण केली आणि गाणं लागलं. बाप पडद्याकडे बघत मान खाली-वर करत होता. मध्येच त्यानं हात वर केला. मी एक पाऊल पुढे झालो.

"थांबवा. सांज नाही," तो म्हणाला. "तुझी माय 'दिवेलागण झाली' म्हणते. वीस वर्षांपासून ऐकून राहिलो मी."

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. स्टुडिओवाला माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "बदल दो भाई।" 'सांज' खोडून त्यानं 'दिवेलागण' टाईप केलं. सुरात बसेना, तेव्हा एक पट्टी तोडून दोन केल्या. बाप शेजारी स्टूल ओढून बसला. मुलगी डोळे पुसत माईकपाशी गेली आणि 'मले' आणि 'दिवेलागण' या दोन्ही शब्दांनिशी ती ओळ नव्यानं गायली.

ते लग्न मोडलं. नकार बापानंच कळवला, असं नंतर कानावर आलं.

त्या दिवसापासून माझी एक सवय झाली. हरवलेल्या मुलीची उंची, रंग, कपडे लिहून झाले की मी पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, "जाण्याआधी ती घरात काय सांगत होती?" बहुतेकांना ते शब्दन् शब्द आठवायचं. त्यांनी ऐकलेलं असायचं. ऐकलं, हे फक्त तिला कळू दिलेलं नसायचं.