वाळूची बादली

निपाणीबाहेरच्या माळावर आम्ही हौशी मंडळी रविवारी ड्रोन उडवतो. तिथं एक अण्णा येतात. स्वतः क्वचितच उडवतात. स्कूटरवर पायाशी वाळू भरलेली, ऑइलपेंटची जुनी बादली असते आणि आल्या आल्या त्यांचं एकच पालुपद: "भाकरी फुगली तर खावी, बॅटरी फुगली तर मला द्यावी."

फुगलेली बॅटरी कधी पेट घेईल सांगता येत नाही. अण्णा ती अंगठ्यानं हलकेच दाबून बघतात आणि वाळूत पुरतात. आमच्या ड्रोनचे मोडके पंखेही वेचून नेतात. हे सगळं टाकता कुठं, असं विचारलं की उत्तरेकडं हात करतात. "पल्याड. महाराष्ट्रात सोय हाय, आपल्यात न्हाय."

आम्हाला तेवढं पुरायचं. सीमाभागात कुठल्याही भानगडीचं उत्तर पल्याडच असतं.

परवा मी पल्याड, कागलला गेलतो. तिथंही माळावर ड्रोन उडत होते. सहज विचारलं, फुगलेल्या बॅटऱ्यांचं काय करता?

"एक अण्णा येत्यात की, वाळूची बादली घिऊन. कर्नाटकात सोय हाय म्हणं."

या रविवारी अण्णांनी माझी बॅटरी हातात घेतली, तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, पल्याडचे तर अल्याड म्हणत्यात."

त्यांचा अंगठा बॅटरीवर थांबला. मग ते हसले. "मग घरी न्या की."

बॅटरी त्यांनी माझ्या तळहातावर परत ठेवली. बाकीच्यांच्या हातात आपापल्या फुगलेल्या बॅटऱ्या होत्या. अण्णांकडं कुणीच बघेना. सगळे माझ्याकडंच बघत होते.