बंद इंजिनातली टकटक

या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत वाचले आणि हसून सोडून दिले. भूतखेत, चकवा... माझा काडीचा विश्वास नाही. पुरावा दाखवा, मग बोला! आता पुरावाच मानगुटीवर बसलाय, म्हणून लिहितेय.

मी इथे पृथ्वीवरच्या नियंत्रण केंद्रात बसून, दूरच्या एका ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानाच्या इंजिनावर काम करते. माझे बाबा आलापल्लीजवळच्या आमच्या गावात डिझेलवरची धानगिरणी चालवतात. त्यांची एक खोड आहे — रोज सकाळी हँडल मारण्याआधी सागाची काठी बंद इंजिनाला टेकवायची आणि दुसरं टोक कानाला लावायचं. "बंद असते तवाच खरं बोलते," म्हणतात. मी लहानपणापासून त्यांना यावरून चिडवत आलेय.

गेल्या हिवाळ्यात यानाच्या इंजिनातला इंधनाचा व्हॉल्व्ह अडकला. तीन दिवस, रोज सकाळी एक प्रयत्न... उघडेना. चौथाही फसला तर यान ग्रहावर आदळणार होतं, आणि माझी आठ वर्षांची मेहनत त्याच्यासोबत. बाहेर बोलायला मनाई होती, म्हणून घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

तिसऱ्या दुपारी बाबांचा फोन आला. तीन दिवसांपासून काठीतून टकटक ऐकू येतेय म्हणाले.

"व्हॉल्व्ह उघडाले पाहून राह्यला, पण थंडीनं आखडला हाये. त्याले चांगलं शेकाले पाह्यजे, मंग थोडे थोडे झटके. पण माय, माहं इंजन तं एका हँडलात चालू होते... मंग हे कोनाचं इंजन हाये?"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. मग टीमसमोर हट्टच धरला — हीटर दुप्पट वेळ चालवू आणि एका दमात न उघडता छोटे छोटे झटके देऊ. चौथ्या सकाळी व्हॉल्व्ह उघडला. मी सगळ्यांसमोर रडले.

इथवर योगायोग म्हणता येईल. पण सुट्टीत घरी गेले, तर गिरणीच्या पत्र्यावर बाबांनी खडूनं त्या टकटकीच्या वेळा लिहून ठेवलेल्या. चार सकाळी, चार वेळा. आमच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर मिनिटाला मिनिट जुळल्या. तिथून संदेश आमच्यापर्यंत यायला अठरा मिनिटं लागतात. पत्र्यावर मात्र यानात प्रत्यक्ष घडलं ती वेळ होती... आम्हाला कळण्याच्या अठरा मिनिटं आधीची.

चौथ्या वेळेपुढे लिहिलं होतं — 'उघडला'.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. एवढंच कळतं, की त्या अठरा मिनिटांत आमचा जीव टांगणीला लागला होता, आणि तिकडे बाबा निवांत धान भरडत होते.