जुन्या गाडीच्या ब्रेकची थरथर

भुताखेतांचं सोडा, मी पत्रिकेतल्या मंगळालाही कधी भीक घातली नाही. त्यामुळे हे वाचून माझीच नातवंडं हसणार आहेत... हसू देत.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. आम्ही दोहाला, बिन महमूद भागात राहत होतो. हे इंजिनिअर. मला नुकतंच कतारचं लायसन्स मिळालेलं, आणि माझ्या डोक्यात इतकी हवा गेली होती की चारही टायर फुगले असते!

त्यातच कंपनीने ह्यांना नवी गाडी दिली — एबीएसवाली. ह्यांनी पोळपाटाला तेल फासलं, त्यावर मिठाची बरणी ढकलली आणि मला धडा दिला. थंडीत इथे पाऊस पडला की रस्त्यावरची वाळू आणि तेल मिळून असाच लेप होतो. ब्रेक मारून चाकं जाम झाली की गाडी सरळ घसरत जाते. स्टिअरिंग फिरवून काही होत नाही. म्हणून जुन्या गाडीत ब्रेक दाबायचा-सोडायचा, दाबायचा-सोडायचा. नव्या गाडीत मात्र दाबून धरायचा. दाब-सोड गाडीच करते. पायाखाली पेडल थरथरतं, घाबरायचं नाही.

मी कसली घाबरतेय! महिनाभर नवीच गाडी मिरवली.

मग एका शुक्रवारी सकाळी मासळी आणायला अल वक्राला निघालो. नवी गाडी सर्व्हिसिंगला, म्हणून आमची जुनी जपानी डबडी काढली. मी चालवत होते, हे शेजारी, मागे सहा वर्षांची चिऊ. रात्री पाऊस झालेला, वर दाट धुकं.

"अगं, हळू."

"तुम्ही चालवताय का?"

हे वाक्य पुरं होतंय तोच समोर पाण्याचा टँकर! रस्त्यात आडवा, बंद पडलेला. मी ब्रेकवर पाय ठोकला... आणि धरून ठेवला. गाडी कुठली, हे साफ विसरले.

"पंप कर! पाय सोड! सोड!" हे ओरडत होते. मागे चिऊ "आई" म्हणून किंचाळली. पाय उचलेचना. आणि तेवढ्यात — पेडल थरथरलं. टर्रर्र... तळपायाला स्पष्ट ठोके. स्टिअरिंग फिरवलं तर गाडी वळली! टँकरच्या कडेने निघून वाळूत थांबली.

टँकरचा पठाण ड्रायव्हर धावत आला. "बहन, मैं तो समझा, खलास!"

चिऊ धडधाकट होती. सीटखाली गेलेली चप्पल मागत होती.

हे उतरले, रस्त्यावर वाकून बघत राहिले. ओल्या वाळूच्या थरावर आमच्या टायरच्या खुणा होत्या — तुटक, तुटक, आणि टँकरपाशी वळलेल्या.

"तू पाय उचललास ना?"

"नाही हो."

"उचलला असशील. घाबरून कळलं नसेल."

"मग थरथरलं काय?"

घरी येऊन ह्यांनी चारही चाकं उघडली. ब्रेकचा ड्रम वाकडा झाला असेल, म्हणून थरथरलं, म्हणाले. नव्हता. त्या गाडीत एबीएस नव्हतंच, कुठून असणार? पुढच्या पावसानंतर मला मोकळ्या मैदानात नेलं. "तस्साच दाब." दाबला. चाकं जाम, गाडी सरळ घसरत गेली. पुन्हा दाब... पुन्हा तेच. पेडल दगडासारखं. संध्याकाळपर्यंत ह्यांनी मला सोडलं नाही. रात्री जेवतानाही टेबलाखाली ह्यांचा पाय काहीतरी दाबत होता. मी चिडवलं, तर हसले नाहीत.

भारतात परतताना गाडी विकायला काढली. घ्यायला आलेल्या माणसाने सगळं तपासलं आणि विचारलं, "ब्रेक कैसा है, साब?"

एरवी यंत्राबद्दल कुणी विचारलं की हे पोळपाट घेऊन समजावायला बसायचे. त्या दिवशी ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मॅडम को पूछो."

आणि माझ्यासारखी बडबडी बाई... मला आजपर्यंत त्या माणसाला काय सांगायचं ते सुचलेलं नाही.