देवक बसायच्या आधी

माझ्या आईचे वडील सावळेराम मास्तर अवसरी खुर्दच्या शाळेत शिकवायचे. पुण्याला ट्रेनिंग करून आले तेव्हा त्यांनी गावात दोन नव्या गोष्टी आणल्या, एक छत्री आणि दुसरी उत्क्रांती. छत्री तर गावानं आळीपाळीनं डोक्यावर धरून पाहिली. उत्क्रांती मात्र पोरांपुरतीच राहिली. शनिवारी मास्तर मारुतीला तेल घालायचे आणि सोमवारी वर्गात सांगायचे, की सगळे जीव लाखो वर्षं हळूहळू बदलत आजच्या रूपाला आलेत. दोन्ही कामं सारख्याच आवडीनं.

साल एकोणीसशे नऊच्या आसपासचं असेल. त्यांच्या लेकीचं, म्हणजे माझ्या आईचं, सरूचं लग्न येडगावच्या जानकूशी ठरलं. जुन्या रीतीप्रमाणे लग्न नवऱ्याच्या गावी. बैलगाड्या येडगावात पोचल्या, सरूला हळद लागली, आणि मंडळी मारुतीच्या देवळात देवक आणायला जमली.

देवक म्हणजे कुळाची खूण. कुणाचं झाड असतं, कुणाचं पाखरू. जानकूच्या घराण्याचं देवक साळुंकीचं पीस. नवऱ्याच्या आईनं ते ताटात घ्यायचं, बापानं खांद्यावर कुऱ्हाड घ्यायची, आणि दोघांनी ते वाजतगाजत मांडवात नेऊन बसवायचं. एकदा देवक बसलं की लग्न मोडत नाही. म्हणजे मोडायचंच असेल तर त्याच्या आधी.

आणि नेमकं तेव्हाच जानकूच्या बापानं, सयाजीनं, खांद्यावरची देवकाची कुऱ्हाड खाली ठेवली. सनई थांबली.

"मास्तर, मानूस माकडापासनं झाला आसं पोरांना शिकिवता म्हनं?"

"माकडापासून नव्हे, सयाजीराव. माकड आणि माणूस एकाच जुन्या पूर्वजाची लेकरं. चुलत भाऊबंद म्हणा."

"भाऊबंद?" सयाजीचा धाकटा भाऊ गेणू मागनं ओरडला. "मंग बांधावरची वानरं उद्या वाटनी मागाय येत्याल की राव!"

देऊळ हसलं. सयाजी हसला नाही.

"देवानं जग घडिवलं, ह्ये आमी मानतो. तुमी आमच्या पोरांच्या पोरांना भलतंच शिकवाल. मारुतीच्या पायावर हात ठेवा, आन् शिकिवलं त्ये खोटं म्हना. न्हाईतर गाड्या जुपा."

हळदीची पोर परत न्यायची म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. माझी आजी, मास्तरांची बायको, पदरात तोंड लपवून रडायला लागली. मास्तरांनी देवाकडं पाहिलं, मग सयाजीकडं.

"दुसरं काहीही सांगा, करतो. पण मारुतीच्या पायावर हात ठेवून खोटं कसं बोलू? दर शनिवारी तोंड दाखवायचं असतं त्याला."

कुणीतरी खाकरलं. मास्तरांनी हळूच ताटाकडं बोट केलं.

"हे काय, सयाजीराव?"

"साळुंकीचं पीस. दिसत न्हाई व्हय?"

"साळुंकीला दगड मारता?"

"छ्या! कुळाची हाय ती आमच्या."

"मग पाखरू कुळात चालतं, आणि ज्याच्या देवळात उभे आहात त्याच्या जातीचं तेवढं नको?"

गेणूनं मान डोलावली. पण सयाजी सहजासहजी हटणारा गडी नव्हे. "त्ये नातं देवानं जोडलं. तुमी तर म्हनता आपोआप झालं. लाखो वर्सं लागली म्हनं. देवाला येवढा येळ कशाला लागंल?"

तेवढ्यात बायकांतून त्याची आई कुशाबाई पुढं आली. माझी पणजी. ठेंगणी होती, पण आवाज नदीच्या पल्याड जायचा.

"सयाजी, तू कसा झालास रं?"

"आये, आता ह्ये काय मधीच?"

"वझरच्या गनपतीला नवस केला, तवा तू झालास. आख्ख्या गावाला सांगितलं, देवानं दिला. खरं का खोटं?"

"खरं."

"दिला तवा काय आबाळातनं धोतर नेसून पडलास? नऊ म्हैनं वागिवला तुला. आधी उलट्या, मंग लाथा. इत्तुसा व्हतास, वाढत वाढत येवढा दांडगा झालास. येळ लागला म्हून तू देवाचा न्हाईस का? तुझ्यासारख्या येका टोणग्याला नऊ म्हैनं लागत्यात, मंग सगळ्या दुनियेला लाखभर वर्सं लागली तर तुझं काय जातंय?"

आधी बायका हसल्या, मग वाजंत्री, मग गेणू. शेवटी सयाजीच्या मिशा हलल्या. त्यानं खाली वाकून कुऱ्हाड उचलली, खांद्यावर टाकली आणि सनईवाल्यावर खेकसला, "बघतोस काय? वाजीव!"

देवक बसलं. त्या दिवशी येडगावात ताशा असा कडाडला, की त्याची आठवण मी लहान असतानासुद्धा लोक काढायचे. संध्याकाळी सयाजीनं सगळ्यांदेखत व्याह्याला मिठी मारली. पुढं हरभऱ्यात वानरं शिरली की तो गोफण फिरवायचा आणि ओरडायचा, "पळा, भाऊबंदांनो! वाटनी झालीया!"

मास्तरांनी मरेपर्यंत तेल घातलं आणि मरेपर्यंत शिकवलं.

मी झालो तेव्हा ते येडगावला मला बघायला आले. कुशाबाईनं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या मास्तर. ह्याला बी येळ लागला. पर देवानंच दिला."

"दोन्ही मान्य," मास्तर म्हणाले, आणि ऊन लागू नये म्हणून ती जुनी छत्री त्यांनी माझ्यावर उघडली.