कहूची साल आणि झनकलालचा खिसा

"स्टेंटमध्ये रक्ताची गाठ झाली आहे. गोळ्या कोणी बंद केल्या?" नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. खाटेवर मी होतो. सांगू तरी कोणत्या तोंडानं?

स्टेंट म्हणजे तारेची बारीक जाळी. तीन महिन्यांपूर्वी पहिला अटॅक आला तेव्हा इथंच माझी अँजिओप्लास्टी झाली होती. म्हणजे मांडीच्या नसेतून नळी नेऊन हृदयाची बंद नस फुग्यानं उघडली आणि तिथं जाळी बसवली. सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "जाळीनं अर्धंच काम झालं. रक्त गोठू नये म्हणून या दोन गोळ्या. वर्षभर एक दिवसही चुकवायच्या नाहीत."

मी चुकवल्या नाहीत, सोडल्याच.

मी आमगावात राइस मिलवर मिस्त्री. झनकलाल माझा लहानपणचा दोस्त, चिचगडकडे जंगलातली औषधं देतो. अर्जुनाची, आमच्याकडे म्हणतात त्या कहूची साल छातीच्या दुखण्यावर तोच देणार. अंगणात नारळ ठेवायचा, साल घ्यायची आणि परहेज, म्हणजे पथ्य, पाळायचं. परहेज काय, तर अंगरेजी दवा बंद.

"मले पाह्य ना बा," तो म्हणाला. "माझीबी छाती दुखे. सालीवरच चालून राहिलो."

माझी बायको देवकी ओरडली, "डॉक्टर का पागल हाय?" पण मी तिच्यापेक्षा दोस्ताला शहाणा समजलो. गाढवच मी!

गोळ्या सोडल्यावर पंधराव्या दिवशी त्याच्याच अंगणात छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं. घाम सुटला. मी म्हटलं, "झनक, साल दे."

त्यानं सालीकडे पाहिलंही नाही. बंडीच्या आतल्या खिशातून गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या. एक गोळी माझ्या जिभेखाली ठेवली, दुसरी चावायला लावली. दुसरीची पट्टी मी ओळखली. मला सोडायला लावलेली तीच गोळी, पट्टी अर्धी संपलेली.

नागपूरला पुन्हा नळी, पुन्हा फुगा. वाचलो. तिसऱ्या दिवशी तो भेटायला आला. मी एवढंच विचारलं, "काऊन बे?"

तो रडायला लागला. "माझीबी जाळी बसली हाय, रायपूरले. गोळ्या खातो असं समजलं त माझ्या अंगणात कोन येईल?"

म्हणजे अंगण भरलेलं राहावं म्हणून माझा जीव पणाला लावला! एका ताटात जेवलो होतो आम्ही. दुसरा अटॅक सोसला, हे सोसवत नाही.

तुम्हाला जाळी बसली असेल, तर गोळी बंद करायची का, हे डॉक्टरलाच विचारा. दोस्त कितीही जिवाचा असो. देवकी आता गोळी माझ्या हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत जागची हलत नाही. तिच्यामुळं मी आज मिलवर उभा आहे.

झनक अधूनमधून आमच्या फाटकापर्यंत येतो. त्याच्या गोळीनं तेव्हा मला तारलं, तेही खरं. म्हणून हाकलत नाही. एकच सांगतो, "अंगनातल्या लोकांले खिसा दाखव, मंग आत ये."

दोन वर्षं झाली. तो अजून बाहेरच उभा आहे.