प्रदर्शनाला चला म्हणणारे राठोडमामा

‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी दिसली की राठोडमामांचा हात आधी तिथेच जायचा. संभाजीनगरच्या औद्योगिक प्रदर्शनात मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले, तेव्हा अर्ध्या तासात तीन स्टॉलवाल्यांनी त्यांना हटकलं होतं. मामा हात मागे घेत, पुढच्या स्टॉलवर जात आणि तिथल्या यंत्राच्या कडेवरून अंगठा फिरवून बघत. मी चार पावलं मागे राहून चालत होते. ही बाई यांच्याबरोबर आलेली नाही असं लोकांना वाटावं, एवढीच माझी इच्छा होती.

मामा म्हणजे परसराम राठोड, साखऱ्याजवळच्या एका तांड्यावरचे. हिंगोलीत आमच्या कारखान्यात ते मुख्य वेल्डर होते. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि बारा माणसं. आम्ही हळद शिजवायची यंत्रं बनवतो. मधोमध पाण्याची टाकी, तिच्याखाली जाळ, आणि टाकीतली वाफ पाइपांतून चार ड्रममध्ये सोडलेली. ड्रममधली हळद शिजली की खालचं दार उघडून ती बाहेर काढायची. मी शिरड शहापूरची. मेकॅनिकलची पदवी घेऊन इथे लागले, तेव्हा शेडमधली इंजिनिअर मी एकटीच होते. मामांची शाळा चौथीत सुटलेली.

सुट्या भागांचं आणि जॉबवर्कवाल्यांचं हे प्रदर्शन दर थंडीत भरायचं. मामा पदरची रजा टाकून, पहाटेची एसटी पकडून जायचे. मी लागले त्या वर्षापासून त्यांनी माझ्यामागे लकडा लावला.

“इंजिनिअर बाई, चाल ना माय. एक दिवसाचं काम हाय.”

“मामा, सगळं इंटरनेटवर असतं. घरबसल्या दिसतं.”

“तुजा कम्प्युटर तुला तेच दावतो जे तू त्याला इचारती. जे इचारायचं तुला सुचलंच न्हाई, ते कोण दावील?”

यावर मी हसले होते. दुसऱ्या वर्षी त्यांनी नेमकं कारण दिलं. ड्रमच्या खालच्या दाराला मी काढलेली कडी त्यांना पसंत नव्हती. वाफ बाहेर जायच्या भोकात हळदीची माती अडकली की आत दाब राहतो, आणि बाहेरच्या माणसाला ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. “वाफेचं दार काय आपण एकट्यानंच केलं का दुनियेत? कोणीतरी याच्यावर डोकं चालवलंच असंल. चाल, पाहून येऊ.”

मी म्हटलं, कडीचं गणित मी केलंय, ती तुटणार नाही. आणि खरंच ती तुटली नाही. मार्चमध्ये जवळच्याच एका गावात कांताबाई नावाच्या मजूर बाईने ती हाताने उघडली. भोक मातीने बुजलेलं होतं. उकळतं पाणी आणि वाफ तिच्या उजव्या हातावर, मानेवर आली. ती वाचली, पण तो हात पुढे कोपरात सरळ झाला नाही.

मालकांनी दुसऱ्या दिवशी ‘सावधान, गरम वाफ’ अशी लाल स्टिकरं छापायला टाकली. मीही जाड कडीचं नवं चित्र काढायला बसले. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला तेवढंच सुचलं. मामा माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, ‘मी सांगितलं होतं’ म्हणतील. ते एवढंच म्हणाले, “कडी जाड केली तर ती बाई अजून जोर लावंल. मंग?”

मी पेन्सिल खाली ठेवली. मला त्यांचा राग आला होता.

हंगाम संपला, यंत्रं गोठ्यांच्या कडेला जाऊन उभी राहिली, आणि थंडीत मी हुज्जत न घालता मामांबरोबर एसटीत बसले.

त्या दिवशी त्यांनी मला जो त्रास दिला त्याची यादी करायची म्हटली तर वही पुरणार नाही. मधल्या मोठ्या दालनात एक यंत्राचा हात स्वतःच डबे उचलून ठेवत होता. मामांनी कोटातल्या पोराला विचारलं, “हे चिखलात चालंल का?” पोरगं म्हणालं, “चाचा, ये आपके काम का नहीं है.” मामा म्हणाले, “व्हय, पर चिखलात चालंल का ते सांग ना.” मागे रांग लागली, तरी उत्तर मिळेपर्यंत ते हलले नाहीत. नंतर एका साध्या नटबोल्टवाल्याकडे त्यांनी पाऊण तास काढला. गंज कुठून सुरू होतो, यावर दोघांचं सख्ख्या भावांसारखं बोलणं चाललं होतं. जेवायला मी स्टॉलकडे चला म्हटलं, तर त्यांनी दोन दालनांच्या मधल्या पायरीवर फडकं पसरून भाकरी सोडली. येणारेजाणारे आम्हाला ओलांडून जात होते.

“मामा, आपण दाराचं बघायला आलोय ना? परतीची गाडी चुकेल.”

“मोठ्या दुकानात इकायला आलेली माणसं असतात, बाई. ज्यानं सोता हातानं काम केलं, तो मागं कुठंतरी बसलेला असतो. तिथवर जाया टाइम लागतो.”

त्यांचा बाप आणि आजा बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरलेले. मुक्काम पडेल त्या गावात काय पिकतं, विहिरीला काय चाक आहे, हे बघून घ्यायचे म्हणे. मामांनी ही गोष्ट मला तोपर्यंत वीसदा सांगितली होती. एकविसाव्यांदा मी पायरीवर ऐकली.

शेवटच्या दालनात, स्वच्छतागृहाला लागून, एक साठीचे गृहस्थ स्टुलावर बसले होते. मागे फलकही धड नव्हता. टेबलावर लोखंडी दारं मांडलेली. कापड रंगवायच्या कारखान्यांतल्या वाफेच्या टाक्यांना ते दारं करून देत. मामांनी त्यातल्या एकाची मूठ धरून फिरवली. मूठ अर्ध्यात अडली.

“अडकलं जनू,” मामा म्हणाले.

“अडकलं नाही, अडवलंय,” ते गृहस्थ म्हणाले, आणि उठून उभे राहिले. मुठीच्या दांड्यालाच त्यांनी एक लहान तोटी जोडली होती. मूठ अर्धी फिरवली की तोटी उघडते, वाफ बाजूने निघून जाते. आत दाब आहे तोवर एक खिटी मूठ पुढे सरकू देत नाही. दाब संपला की खिटी आपोआप पडते, मगच दार उघडतं. माती अडकली तर तोटी साफ करायला बाहेरूनच तार घालता येते.

मामांनी मूठ दहा-बारा वेळा फिरवली. मग म्हणाले, “दादा, हे किती वर्सांपासून करता?”

“पंधरा-सोळा झाली असतील.”

मामा माझ्याकडे वळले नाहीत. तेच मला फार लागलं. पंधरा-सोळा वर्षं हे दार आमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर तयार होतं. मी दोन थंड्या ‘घरबसल्या दिसतं’ म्हणत काढल्या होत्या, आणि घरबसल्या मी कधी शोधलं होतं तर ‘मजबूत कडी’ एवढंच. दार उघडणाऱ्या माणसाला दारानेच थांबवावं, हे मला सुचलंच नव्हतं. मग शोधणार काय? मी त्या गृहस्थांना कांताबाईचं सगळं सांगितलं. त्यांनी कागद ओढला आणि आमच्या ड्रमची मापं विचारायला सुरुवात केली. गाडी चुकली ती चुकलीच.

परत आल्यावर मालक अडून बसले. “दारं बाहेरून करून घ्यायची, मग आपण इथे काय करायचं?”

“डरम करायचा,” मामा म्हणाले. “तो आपल्याला बराबर जमतो. दार त्याला जमतं.”

मालक म्हणाले, विचार करू. मामांनी डोक्यावरचा वेल्डिंगचा मुखवटा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. “जुन्या कडीला मी आता डाग मारनार न्हाई. दुसरा वेल्डर पाहा.” आवाज चढवला नव्हता. चार दिवस मुखवटा तिथेच पडून होता आणि मामा रोज येऊन शेड झाडत बसत. पाचव्या दिवशी मालकांनी दारं मागवली.

नव्या यंत्रांचं झालं. जुनी गावोगाव विखुरलेली. आम्ही दोघं टेम्पोत दारं घालून फिरलो. कांताबाईच्या गावात यंत्राला दार बसवून झालं, वाफ धरली, तेव्हा ती लांब बाभळीखाली उभी होती. मी बोलावलं, ती आली नाही. अपघाताच्या दिवशी ती जिथे उभी होती, मामा नेमक्या त्याच जागी उभे राहिले आणि त्यांनी मूठ फिरवली. तोटी फुसफुसली, मूठ अडली, थोड्या वेळाने दार शांतपणे उघडलं. कांताबाई तिथूनच म्हणाली, “चांगलं झालं. पर माज्या वक्ताला काहून न्हाई आणलं?”

उत्तर मी द्यायचं होतं. मी म्हटलं, “मी गेले नाही म्हणून.” तिने मान हलवली आणि हळद पसरायला निघून गेली.

त्यानंतर मी एकही थंडी चुकवली नाही. पण मामांबरोबर प्रदर्शनाला जाणं कधी सुखाचं झालं नाही. दर वर्षी तेच: हात लावणं, रांगा अडवणं, पायरीवरची भाकरी. आता कारखान्यात दोन नवे इंजिनिअर आहेत. तेही मला सांगतात, मॅडम, सगळं मोबाइलवर दिसतं. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

गेल्या वर्षी मामांच्या पायाची जखम साखरेमुळे भरेना. तरी म्हणाले, येतो. मी चिडून नाही म्हटलं आणि एकटी गेले. परतल्यावर रविवारी तांड्यावर जाऊन त्यांना सगळं सांगायला बसले. ते बाजेवर पाय पसरून ऐकत होते. शिजलेली हळद ड्रममधून काढायची एक जाळीची टोपली मी पाहिली होती, ती मी मोबाइलवर दाखवली. मामांनी फोटो डोळ्यांजवळ धरला.

“वजन किती?”

“ते नाही विचारलं.”

“भरल्यावर न्हाई, रिकामी. बाईमानसाला एकटीला उचलंल का?”

“मामा, विचारलं नाही म्हटलं ना.”

त्यांनी मोबाइल परत दिला. “मंग काय पाहून आलीस?” असं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. सुनेने चहा आणला, मी तो रागातच प्यायले आणि निघाले.

सोमवारी त्या टोपलीवाल्याला फोन केला. त्याने लगेच सांगितलं. वहीत लिहून ठेवलं, म्हटलं रविवारी जाऊन सांगू, म्हणजे म्हातारा गप्प बसेल. गुरुवारी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. मी तांड्यावर पोचले तेव्हा मामांना अंगणात आणून ठेवलं होतं.

सात किलो. एकटीला सहज उचलता येते. स्टॉलवर उभी असताना विचारायला मला एक मिनिटही लागलं नसतं.